गौतमची बिनशब्दांची गाणी

फोन आला तेव्हा मी लातूरला आमच्या गच्चीवर होतो. टँकरचं पाणी हौदातून वरच्या टाकीत चढत होतं आणि टाकी भरली की मोटार बंद करायला खाली सांगायचं, एवढंच माझं काम होतं. फोनवर प्रज्ञाचं नाव दिसलं. प्रज्ञा म्हणजे माझा मित्र गौतम याची मुलगी, नांदेडला फार्मसी कॉलेजात शिकवते. ती सहसा फोन करत नाही, मेसेज पाठवते. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. मग सावरून तिनं सांगितलं. दुपारचं जेवण झालं, रोजच्यासारखी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि थोड्या वेळानं मान खाली झुकली. "आईला वाटलं, तार लावून राहिलेत. तिनं हाक बी मारली न्हाई." टाकी भरून पाणी गच्चीभर वाहिलं होतं आणि खालून कुणीतरी ओरडत होतं, हे मला शेजाऱ्यांनी वर येऊन मोटारीचं सांगितल्यावर कळलं.

त्याला आता दीड-दोन महिने होतील. गौतमबद्दल कुठं छापून आलं नाही, येण्याचं कारणही नव्हतं. तो वीज खात्यात वायरमन होता, पुढं लाइन इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झाला. आमच्या नांदेडच्या पिढीतल्या काही लोकांना तो 'ऑर्केस्ट्रातला गिटारवाला' म्हणून आठवत असेल. पण त्या माणसानं चाळीस वर्षं नांदेडात बसून जे वाजवलं, त्याच्यासारखं वाजवणारे मला आजवर फक्त जर्मनीत सापडले आहेत, आणि तेही रेकॉर्डवर. हे मी मित्र म्हणून फुगवून सांगत नाही. त्याच्या शेजारी ड्रम वाजवत मी आयुष्यातली बरीच वर्षं काढली.

आमची ओळख सलीमभाईंच्या गोदामात झाली. सलीमभाईंचा धंदा मंडप-लाउडस्पीकरचा, आणि त्याला जोडून त्यांनी एक ऑर्केस्ट्रा काढला होता. मी तेव्हा नुकताच बँकेत लागलेला. वडील शाळामास्तर, त्यांना पोरगं ढोल बडवतं याची लाज वाटायची, म्हणून कॉलेजचा ड्रमसेट सुटल्यावर मी त्यांच्या नकळत इथं येऊन वाजवायला लागलो होतो. गौतम नायगावकडचा. त्याचे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ते शाहीर होते. धर्मांतराच्या वेळी ते ऐन तारुण्यात होते आणि तेव्हापासून गावोगाव त्यांची गाण्याची पार्टी फिरायची. गौतम त्या पार्टीत लहानपणी बेंजो वाजवायचा, तो बटणांचा, मांडीवर आडवा घेऊन वाजवतात तो. गिटारवर तो नंतर आला. त्यामुळं त्याच्या हाताला एक वेगळीच सवय होती. आमच्यातले बाकीचे गिटारवाले तारा झणकावून गाण्याला भर घालायचे. गौतम एकेक सूर काढून गाण्याची चालच वाजवायचा, जणू तोच गातोय. गायक त्याच्यावर चिडायचे. सलीमभाईंना मात्र तो आवडायचा.

एकदा गिटारच्या तारा आणायला तो हैदराबादला गेला. रविवार होता. तिथं फूटपाथवर जुनी पुस्तकं, रेकॉर्डी मांडून बसतात, त्यात त्याला एक तबकडी दिसली. कव्हरवर माणूस नाही, नटी नाही, नुसताच दिवस मावळतानाचा रंग. मागं अगदी लहान अक्षरांत गिटार असा शब्द त्यानं ओळखला आणि ती उचलली. नांदेडला आल्यावर मला म्हणाला, तुला इंग्रजी येतं, वाच. मी खूप वेळ वाचलं आणि शेवटी कबूल केलं की हे इंग्रजी नाही. आमच्या ओळखीच्या एका प्राध्यापकांनी सांगितलं, ही जर्मन भाषा आहे. वाजवणाऱ्याचं नाव होतं, पण ते आम्हा दोघांना कधी धड उच्चारता आलं नाही. आम्ही त्याला शेवटपर्यंत 'जर्मन' म्हणत राहिलो आणि इथंही तसंच म्हणतो.

रेकॉर्ड प्लेअर फक्त सलीमभाईंकडं. भर दुपारी, लग्नसराई संपलेली, गोदामात बांबूंच्या मोळ्या, कनातींचे गठ्ठे, गुंडाळलेल्या सतरंज्या. त्या सतरंज्यांवर आम्ही तिघं बसलो आणि सलीमभाईंनी सुई टेकवली. आधी आला तो ड्रम. सरळ, एकसारखा, डांबरी रस्त्यानं कुणी न थांबता चालावं तसा. मग गिटार आली. एक साधी चाल. इतकी साधी, की पहिल्यांदा ऐकतानाच गुणगुणता यावी. मग त्याच चालीवर दुसरी गिटार, जराशी वरच्या सुरात, मग आणखी एक. कुणाला काही करून दाखवायची घाई नाही. चाल परत परत येत होती आणि प्रत्येक वेळी मोकळी होत होती, जशी गावाबाहेर पडल्यावर दोन्ही बाजूची जमीन मोकळी होत जाते. आम्ही वाट बघत होतो. चार-पाच मिनिटांनी सलीमभाई हळूच म्हणाले, "इसमें गानेवाला कब आता?" मलाही तोच प्रश्न पडला होता. पण ते गाणं संपलं, दुसरं लागलं, तिसरं लागलं, गाणारा काही आला नाही. गौतम मात्र जरासुद्धा हलत नव्हता. विहारात बसतो तसा पाठ ताठ ठेवून बसला होता. बाजू संपली, सुई शेवटच्या खाचेत खरखरत राहिली, तरी कुणी उठलं नाही.

मग तो म्हणाला, "दिलीप, गाणारा आला होता. आपल्याला ओळखू आला न्हाई."

त्या दिवसापासून त्याला तेच लागलं. खरं सांगायचं तर मला ते संगीत कळायला फार वेळ लागला, कारण त्यात ड्रमवाल्याला करण्यासारखं काहीच नव्हतं. मी तेव्हा दर चार मात्रांनी एक गडगडाट करायचो, सगळे ड्रम फिरून झांजेवर आदळायचो, लोक शिट्ट्या मारायचे. गौतमनं एकदा मला समोर बसवून शांतपणे सांगितलं, "तू दर चार पावलांवर उडी मारून राहिलास. नुसतं चाल की." मला राग आला. पण तो हट्टाला पेटला की सोडायचा नाही. सोमवारी कार्यक्रम नसायचा. बँक सुटली की मी गोदामात जायचो आणि तो मला एकच ठेका वाजवायला लावायचा. गडगडाट नाही, झांज नाही, थांबणं नाही. सुरुवातीला हात शिवशिवायचे. मग खांदे दुखायला लागायचे. मग नुसताच कंटाळा. पण एका संध्याकाळी काय झालं कुणास ठाऊक, तो कंटाळाही मागं पडला. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाल्यावर आपण काही न करता बाहेर बघत राहतो, तसा मी त्या ठेक्यात बसलो होतो, आणि गौतमची गिटार बाहेरून जात होती... शेतं, विहिरी, एखादं देऊळ, वाळत घातलेले कपडे, परत शेतं. मला रडू का आलं ते तेव्हा कळलं नाही, आजही सांगता येणार नाही. गौतमनं बघितलं, आणि तो वाजवत राहिला.

ते लोकांसमोर वाजवायची वेळ आली ती धर्माबादच्या एका लग्नात. दुपारचं लग्न, मे महिना, वऱ्हाड तेलंगणातून यायचं होतं आणि वाटेत कुठंतरी अडकलं होतं. आमच्या गायिकेचा घसा बर्फाच्या पाण्यानं बसला. मांडवात लोक टॉवेलनं वारा घेत बसलेले, मुलीकडची माणसं सारखी रस्त्याकडं बघणारी, सगळ्यांच्या तोंडावर काळजी. सलीमभाई स्टेजजवळ येऊन म्हणाले, काहीही वाजवा, पण मांडव सुना ठेवू नका. गौतमनं माझ्याकडं बघितलं आणि मी ठेका धरला. त्यानं जर्मनची नव्हे, स्वतःची चाल वाजवली, मीही ती पहिल्यांदाच ऐकत होतो. वीसेक मिनिटं आम्ही थांबलो नाही. कुणी टाळी वाजवली नाही. एका म्हाताऱ्यानं गाणं कधी सुरू होणार असं विचारलं तेवढंच. पण हळूहळू टॉवेल थांबले, बोलणं कमी झालं, माणसं खुर्चीत मागं टेकून बसली. वऱ्हाड आलं, लग्न लागलं, आम्ही सामान आवरत होतो तेव्हा नवरीची आई स्टेजशी आली. दिवसभर उभी असलेली बाई, पायात चप्पल नाही. तिनं गौतमला विचारलं, ते मघाचं पुन्हा वाजवता येईल का. त्यानं 'का?' असं विचारल्यावर ती जरा लाजली आणि म्हणाली, "त्यात सासरला जायचं बी हाय, आन् माघारी यायचं बी हाय." गौतमनं गाडीत चढवलेला अ‍ॅम्प्लिफायर परत उतरवला. मीही ड्रमसेट परत मांडला. रिकाम्या मांडवात, तिच्या एकटीसाठी, आम्ही ती चाल पुन्हा वाजवली.

मात्र त्याच्या घरी हे सगळं कुणाला पटत नव्हतं. अण्णांना तर मुळीच नाही. अण्णांचं सगळं आयुष्य शब्दांवर उभं होतं. ते तिसरीपर्यंत शिकलेले, पण गाणी स्वतः रचायचे, आणि त्या गाण्यांनी माणसं उठून शाळेत पोरं घालायची, हे मी नायगावकडं स्वतः पाहिलंय. दर एप्रिलमध्ये गौतम सुट्टी काढून त्यांच्या पार्टीबरोबर फिरायचा, त्यात कधी खंड पडला नाही. पण गौतमची ही बिनशब्दांची गाणी त्यांनी एकदा ऐकली आणि माझ्यासमोरच त्याला म्हणाले, "हजार वर्षं आपल्याला बोलू दिलं न्हाई. आता बोलता येतंय, तर तू मुका बाजा वाजवून राहिलास." गौतमनं गिटार पेटीत ठेवली. नंतर चहा घेताना मी विषय काढला, तर म्हणाला, अण्णांचं खरंय. त्यानंतर बरेच महिने सोमवारी तो गोदामात आला नाही. मला वाटलं, संपलं आता हे.

पुढं अण्णा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नांदेडला त्याच्याकडं येऊन राहिले. डोळ्यावर पट्टी, वाचता येत नाही, बाहेर जाता येत नाही, बोलायला दिवसभर कुणी नाही. मी भेटायला गेलो, जय भीम घातला, तर आवाजावरून ओळखून म्हणाले, ये ढोलवाल्या. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनीच गौतमला सांगितलं, तुझं ते काय असतं ते वाजव. गौतम गोंधळला. मी कोपऱ्यातली पत्र्याची ट्रंक ओढली आणि तिच्यावर बोटांनी ठेका धरला. गौतमनं धर्माबादची चाल सुरू केली. अण्णा पट्टी बांधलेला चेहरा जरा वर करून ऐकत होते. स्वयंपाकघराच्या दारात शकुंतला वहिनी, गौतमची बायको, पिठाचे हात तसेच धरून उभ्या राहिल्या. खूप वेळानं, चाल चालू असतानाच, अण्णांनी विचारलं, "हे कुठं निघालंय रे?"

"म्हाईत न्हाई, अण्णा."

"माघारी तर न्हाई ना यायचं?"

गौतम म्हणाला, न्हाई. अण्णा म्हणाले, मग वाजीव. आणि संपेपर्यंत त्यांचा उजवा हात मांडीवर ठेक्याबरोबर हलत होता.

परत जाताना मी रस्त्यात थबकलो होतो, ते आठवतं. एकच चाल. त्या नवरीच्या आईला तिच्यात माघारी येणं ऐकू आलं होतं आणि त्यासाठीच तिला ती पुन्हा हवी होती. अण्णांना त्याच चालीत कधीच माघारी न येणं ऐकू आलं, आणि म्हणून ती त्यांना चालली. दोघांपैकी कुणाचंही ऐकणं चुकीचं नव्हतं. गौतमनं त्यांना काही सांगितलं नव्हतं, फक्त जागा करून दिली होती. शब्द असते तर कुणा एकाला उठून जावं लागलं असतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा, या आपल्याबरोबर चहा पिणाऱ्या, हाताला वायरीच्या चिकटपट्टीचा वास येणाऱ्या माणसाची थोडी भीती वाटली. मोठ्या डोंगरासमोर वाटते तशी.

मग दिवस बदलले. डीजे आले, सलीमभाईंनी ऑर्केस्ट्रा बंद केला, माझी लातूरला बदली झाली आणि मी तिथलाच होऊन गेलो. अण्णाही गेले. गौतम घरात एकटाच वाजवत राहिला. एक कॉम्प्युटर घेतला, एका गिटारीवर दुसरी, दुसरीवर तिसरी चढवायला शिकला. दोन-तीन वर्षांत पुरेशा चाली झाल्या की त्यांची सीडी करायचा, कव्हरवर स्वतः काढलेला फोटो लावायचा: गोदावरीचा रिकामा घाट, विजेच्या तारा, लोह्याच्या पुढचा रस्ता. ओळखीच्यांना वाटायचा. ठेक्यासाठी एक मशीन आणलं होतं, पण त्याबद्दल नेहमी कुरकुर. मला फोनवर म्हणायचा, मशीन चुकत न्हाई, पण चालत बी न्हाई.

प्रज्ञा मोठी झाली, घरात इंटरनेट आलं, तेव्हा तिनं त्याला जर्मनच्या बाकीच्या सगळ्या रेकॉर्डी शोधून दिल्या. तोवर आमच्याकडं ती एकच होती. आणि तेव्हा कळलं की तो जर्मन एकटा नव्हता. त्या काळी तिथं अशा पोरांची टोळीच होती. कुणी यंत्रांचे आवाज गोळा करायचं, कुणी टेप कापून उलटी जोडायचं, कुणी गाण्याचा पार मोडून भुगा करायचं. आणि त्या सगळ्या मोडतोडीतून एक-दोघं गिटार घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी साधी, गोड चाल धरली. गौतमला याचं फार कौतुक. मी एकदा नांदेडला गेलो होतो, तेव्हा तो त्यावर बोलायला लागला, एरवी कमी बोलणारा माणूस. तो सांगत होता की ती पोरं दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली. बापांची गाणी त्यांना तोंडात घ्यावीशी वाटेनात, कारण त्या गाण्यांनी काय केलं होतं ते त्यांना माहीत होतं. अमेरिकेची गाणी चांगली, पण ती दुसऱ्याची. "मग हातात काय उरतं दिलीप? नुसतं चालणं उरतं. तिथून सुरू करावं लागतं." जरा थांबून म्हणाला, "अण्णांनी बी तेच केलं. जुन्या देवांची गाणी सोडली आन् दुसऱ्या दिवशी गायला काहीच न्हवतं. सगळं नवं बनवावं लागलं." मी इतकी वर्षं समजत होतो की तो वडिलांपासून लांब, कुठंतरी परदेशात जाऊन बसलाय. तो तर अण्णांच्याच वाटेवर होता.

निवृत्त झाल्यावर वर्षभरातच त्याला झटका आला. डावी बाजू गेली. पाय पुढं सुधारला, बोलणंही आलं, पण डावा हात तसाच. गिटारवर सूर धरतात ती बोटं डाव्या हाताची. मी भेटायला गेलो तेव्हा गिटार पेटीत होती आणि पेटी कपाटावर. आम्ही निवडणुकीवर बोललो, पाण्यावर बोललो, प्रज्ञाच्या नोकरीवर बोललो. गिटारचं नाव त्यानं काढलं नाही आणि मी काढू शकलो नाही. वहिनी मला सोडायला फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, घरात इतकं सामसूम कधी न्हवतं. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकून राहिले."

सात-आठ महिन्यांनी त्यानंच फोन करून बोलावलं. गेलो तर गिटार मांडीवर आडवी. बेंजो वाजवायचा तशी. डाव्या हाताच्या बोटांनी तार दाबली जात नव्हती, पण हात खांद्यापासून इकडं तिकडं सरकत होता. म्हणून त्यानं पितळी नळीचा एक तुकडा घासून गुळगुळीत केला होता आणि तो वहिनींकडून तळहाताला क्रेप बँडेजनं बांधून घ्यायचा. नळी तारेवर टेकवायची आणि सरकवायची. सुरुवातीला महिनाभर जे सूर निघाले त्यांनी गल्लीतली कुत्री भुंकायची, असं वहिनी हसत सांगत होत्या, आणि हसता हसता डोळे पुसत होत्या. त्यानं मला वाजवून दाखवलं. एकच तार. अगदी मोजके सूर, आणि प्रत्येक सुराकडं जायला त्याला वेळ लागत होता, सरकत, थोडं अलीकडं थांबत, मग नेमका पोचत. पोचला की तो सूर असा काही उभा राहायचा की पुढचा आलाच नाही तरी चालेल, असं वाटावं. नळी तारेवरून उचलून तो म्हणाला, "बोटं गेली तवा कळलं. मी लई जास्त वाजवून राहिलो होतो."

त्याला एक सलग चाल रेकॉर्ड करायची होती आणि त्यासाठी मशीन नको होतं, मी हवा होतो. मी कित्येक वर्षं ड्रमला हात लावला नव्हता. गुडघा दुखरा, श्वास अपुरा. पण एका बँडवाल्याकडून ड्रमसेट भाड्यानं आणून त्याच्या बैठकीच्या खोलीत मांडला, गाद्या भिंतीला उभ्या केल्या, प्रज्ञा कॉम्प्युटरवर बसली. सकाळची वेळ, खिडकीतून ऊन ड्रमवर येत होतं. मी चाल धरली. तो बराच वेळ आलाच नाही, नळी तारेपासून वर धरून नुसता ऐकत बसला... मग टेकवली. पुढं जे झालं त्याबद्दल मी फार लोकांना सांगत नाही, कारण नीट सांगता येत नाही. त्याचा हात दमायला लागल्यावर सूर थरथरू लागला. मला वाटलं, थांबेल. त्यानं थांबवलं नाही; ती थरथर तो चालीतच घेऊन पुढं निघाला, आणि थोड्या वेळानं मला कळेना की हात थरथरतोय की चालच अशी आहे. समोर प्रज्ञानं दोन्ही हात तोंडावर घेतले होते. माझा गुडघा कधी दुखायचा थांबला ते मला आठवत नाही. तो रस्ता संपूच नये, एवढंच वाटत होतं. शेवटच्या सुराला शेजारच्या घरातून कुकरची शिट्टी झाली, ती रेकॉर्डिंगमध्ये आलीय. प्रज्ञा काढून टाकते म्हणाली, तर त्यानं काढू दिली नाही. म्हणाला, ती सुरात हाय.

प्रज्ञानं ती चाल इंटरनेटवर टाकली. कुठकुठले लोक ऐकून गेले. त्यात एक जर्मन माणूस होता. त्यानं लिहिलेलं प्रज्ञानं आम्हाला वाचून दाखवलं, त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं की हा ड्रम वाजवणारा कोण आहे. गौतम इतका हसला की त्याला ठसका लागला. नंतर कित्येक दिवस मला फोन करून आधी विचारायचा, ड्रम वाजवणारे साहेब आहेत का?

तो गेला त्या संध्याकाळी मी अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचलो. घर माणसांनी भरलं होतं, वंदना सुरू होती. नंतर पुण्यानुमोदनाला सगळे पुन्हा जमले, त्या दिवशी प्रज्ञानं ती रेकॉर्ड केलेली चाल लावली. अण्णांच्या पार्टीतले उरलेसुरले लोक नायगावकडून आले होते, पांढऱ्या फेट्यांतली, हातात काठ्या घेतलेली माणसं, शब्दांवर वाढलेली. ते मधेच उठून जातील की काय, अशी मला काळजी वाटत होती. कुणी उठलं नाही. चाल संपल्यावर त्यातले सगळ्यांत म्हातारे शाहीर माझ्याकडं वळून म्हणाले, "यात शब्द घातले असते, तर मधी आले असते."

मागच्या आठवड्यात परत जाऊन आलो. काही काम नव्हतं. वहिनी बोलत होत्या, प्रज्ञा कॉलेजातून यायची होती. बाहेर ऊन उतरलं तशा वहिनी बोलता बोलता उठल्या, पदराला हात पुसले आणि गौतमच्या खोलीत जाऊन त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरचं बटण दाबलं. तो त्यानं स्वतः बनवलेला आहे, जुन्या पद्धतीचा, काचेच्या नळ्यांचा. तापायला वेळ लागतो. लाल दिवा लागला आणि खोलीत ती बारीक घुमघुम सुरू झाली. गौतम वाजवायच्या आधी तो लावून ठेवायचा, आणि तो तापेपर्यंत त्या चहा टाकायच्या, असं इतक्या वर्षांचं त्यांचं चाललं होतं. आता वाजवायला कुणी नाही, पण रोज या वेळेला हात आपोआप तिकडं जातो म्हणाल्या. लावते, चहा करते, चहा झाला की बंद करते. त्यांनी चहा आणला. आम्ही त्या खोलीत बसलो. घुमघुम चालू होती, वाजवणारा हातपाय धुवायला गेलाय आणि आता येईल, अशी. चहा संपला. वहिनी बंद करायला उठल्या नाहीत, मीही उठलो नाही.